हायामी डॉक्टरांना चोरून

उओहामा, तोयामा
२८ ऑक्टोबर २००८

नोबुए वन्सं,

नारिंगी काकी-फळं सोलली, दोऱ्यांना बांधून वळचणीला वाळत टांगली. यंदा झाडाने साठच दिली. वाळली की तुमची वीस पाठवते. डोंगराचे माथे पांढरे झाले, पण परसातले मुळे अजून जमिनीतच आहेत.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही ते एका परीने बरंच आहे. फोन केला असता तर तुमचे दादा शेजारी कान देऊन बसले असते आणि मला काही बोलता आलं नसतं.

यांचा आवाज बसला आहे. ऑगस्टमध्ये ओबोनच्या पितरपूजेला तुम्ही आला होता तेव्हा थोडा घोगरा होता. तुम्हीच म्हणालात, दादा पितरांना हाका मारून दमला. तो काही सुटलाच नाही. आता चटईवर पाय घासावा तसा आवाज येतो. दुखत नाही, ताप नाही. जेवण मात्र कमी झालं आहे. हायामी डॉक्टरांकडे तीनदा जाऊन आलो. दर वेळी खोकल्याचं औषध आणि चघळायच्या गोळ्या मिळतात, आम्ही आभार मानून घरी येतो.

पुढच्या महिन्यात देवळात होओनकोचा उत्सव आहे. एकोणीस वर्षं स्तोत्राची पहिली ओळ हेच उचलतात, मागून सगळे म्हणतात. परवा तालमीला यांनी ओळ उचलली आणि ती मध्येच तुटली. भटजींनी हळूच तांदूळवाल्या नाकादांकडे पाहिलं, त्यांनी ओळ पुरी केली. अमिदा बुद्धाचं नाव मनातल्या मनात घेतलं तरी पोचतं हे मला ठाऊक आहे. पण यांचं तसं नाही. यांना ते मोठ्याने घ्यायचं असतं.

तुमच्या शेजारच्या गृहस्थांना घशाचं काहीतरी झालं होतं ना? त्यांनी काय केलं ते कळवा. पत्र माझ्या नावाने पाठवा.

फुसाए


नागोया
३१ ऑक्टोबर

वहिनी,

काकी फळं वीस नको, दहा पुरेत. दात राहिले आहेत किती माझे.

शेजारच्या गृहस्थांचा आवाज असाच बसला होता. त्यांनी पाच महिने काढले, मग घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक नळी घालून आत पाहिलं. पुढचं लिहीत नाही. पण नळी घालून पाहिल्याशिवाय कुणाला काही कळत नाही, एवढं खरं. हायामी डॉक्टरांकडे ती नळी नाही. त्यांच्याकडे छातीला लावायची नळी आहे आणि जीभ दाबायची पट्टी आहे.

दादाला तोयामाच्या मोठ्या रुग्णालयात न्या. त्यासाठी हायामी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. ती मागा. इकडे लोक पोस्टात तिकीट मागावं तशी चिठ्ठी मागतात आणि डॉक्टरही तशीच देतात. पाच मिनिटांचं काम आहे. तोंड उघडायचं आणि म्हणायचं, डॉक्टर, घशाच्या डॉक्टरांना दाखवावं म्हणते.

उत्तर लवकर लिहा.

नोबुए


उओहामा
८ नोव्हेंबर

नोबुए वन्सं,

पाच मिनिटांचं काम नागोयात असेल.

मी गेले होते. सोमवारी सुट्टी होती, म्हणून मंगळवारी. वाटेत वाक्य घोकत गेले. डॉक्टरांनी यांचा घसा पाहिला, मान चाचपली, मग नर्सला चहा आणायला सांगितलं. शेवटच्या रुग्णाला ते नेहमी चहा देतात. मला समोर सासूबाईंचं शेवटचं आजारपण दिसायला लागलं. त्या हिवाळ्यात रस्ता बंद होता, आणि बासष्ट वर्षांचा तो माणूस गुडघाभर बर्फातून अकरा दिवस रोज पायी येत होता. त्या माणसाला मी कोणत्या तोंडाने सांगू, की तुमच्याने होत नाही, आता मोठ्याला दाखवतो? डॉक्टरांनी विचारलं, आणखी काही आहे का? मी म्हटलं, मुळे या वर्षी चांगले आलेत. झालं. खोकल्याचं औषध घेऊन परत.

मग आम्ही सरळ तोयामालाच गेलो, गुरुवारी सहा तारखेला, हायामी डॉक्टरांना चोरून. बसच्या थांब्यावर नेमकी दवाखान्यातली नर्स भेटली. सकाळी सकाळी जोडीने कुठे, म्हणाली. मी म्हटलं, पांघरूण आणायला. त्यामुळे येताना खरंच एक पांघरूण घ्यावं लागलं, नाहीतर खोटं बोलल्याचं पाप लागलं असतं. घरात पांघरुणं सात आहेत.

रुग्णालयात खिडकीवरच्या मुलीने पहिलं काय मागितलं असेल तर चिठ्ठी. नाही म्हटल्यावर तीन हजार येन जादा पडतील म्हणाली. भरले. मग एक कागद दिला. नेहमीचे डॉक्टर कोण, ही ओळ मी कोरी सोडली. तिने तेवढ्यावरच बोट ठेवलं. मी म्हटलं, आमचे हे कधी आजारीच पडले नाहीत, यांना कुणी डॉक्टर नाहीत. यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. औषधांची वही मी मुद्दामच घरी ठेवली होती. तिच्या पानापानावर हायामी डॉक्टरांचं नाव आहे, ती दाखवली असती तर लगेच त्यांना फोन गेला असता. म्हणून चालू औषधं या ओळीत ‘काही नाही’ लिहिलं. कुणाचं नुकसान तर होत नव्हतं.

घशाच्या डॉक्टर एक तरुण बाई आहेत, तोकिता नावाच्या. फार भराभर बोलतात, पण हात हलका आहे. नाकातून नळी घातली आणि पडद्यावर आम्हालाही दाखवलं. आवाजाच्या दोन पट्ट्या असतात, त्यातल्या डाव्या पट्टीवर पांढरा डाग आहे. पाहून सांगता येणार नाही म्हणाल्या, तुकडा काढून तपासायला हवा. पुढच्या गुरुवारी, तेरा तारखेला, त्याच नळीतून चिमटा घालून काढतील. दाखल व्हायला नको, दहा मिनिटांचं काम.

तेव्हा तुमच्या म्हणण्याप्रमाणे सगळं झालं, आणि हायामी डॉक्टरांचं मनही दुखावलं नाही. पुढचा आठवडाभर आम्ही दोघंही देवळातच असू, तयारी आहे. तुकड्याचं काय होतं ते लिहीनच.

फुसाए


नागोया
१० नोव्हेंबर, सकाळ (तातडीच्या टपालाने)

वहिनी,

तुमचं पत्र आत्ता मिळालं. बसून उत्तर लिहिते आहे, पोस्टमन कोपऱ्यावरसुद्धा गेला नसेल.

दादाला हृदयाच्या ठोक्यांसाठी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. ओबोनला मी खास त्याच्यासाठी नात्तो आणला होता आणि त्याने वाटी सरकवून दिली. आंबवलेले सोयाबीन खाल्ले तर गोळी लागू पडत नाही, हायामींनी बंद केलेत म्हणाला. चार वर्षं झाली म्हणाला. ही गोळी घेणाऱ्याचा दातसुद्धा विचारल्याशिवाय काढत नाहीत. आणि तुम्ही ‘काही नाही’ लिहून त्याच्या घशात चिमटा घालायला निघालात. तिथून रक्त आलं तर ते कुठे जाईल? खाली श्वासनळीत.

तेरा तारखेच्या आत रुग्णालयाला सांगा. शेजारच्या मुलीला तुमच्याकडे तीनदा फोन लावायला लावला, कुणी उचलत नाही. दवाखान्याचा नंबर माझ्याकडे नाही, पत्ता आहे. म्हणून मी याच टपालाने हायामी डॉक्टरांनाही पत्र लिहिलं आहे. सगळं लिहिलं आहे, पांघरुणासकट.

रागवायचं असेल तर रागवा. मला भाऊ एकच आहे.

नोबुए


हायामी दवाखाना, उओहामा
१२ नोव्हेंबर

सौ. मिनाकुची फुसाए यांस,

‘थंडी वाढली आहे’ वगैरे विचारपूस पुढे कधीतरी. हे पत्र नर्सबरोबर पाठवतो आहे. ती तुमच्या हातात देईल आणि तुम्ही वाचेपर्यंत थांबेल.

तुमच्या नणंदेचं पत्र मला काल दुपारी मिळालं. मी तोकिता डॉक्टरांशी फोनवर बोललो. उद्या तुकडा काढणार नाहीत. तरीही उद्या ठरल्या वेळी जायचंच आहे. आधी रक्त तपासतील, मग गोळीचं काय करायचं ते त्या आणि मी मिळून ठरवू.

गोळी आपल्या मनाने बंद करू नका. मी तुम्हाला तीस वर्षं ओळखतो, तुम्ही ती एव्हाना बंद केली असेल असं वाटतं. केली असेल तर नर्ससमोरच चालू करा. ती अचानक थांबली तर हृदयात रक्ताची गुठळी होऊन मेंदूत जाऊ शकते. ते रक्तस्रावाइतकंच वाईट.

सोबत बंद पाकीट आहे. त्यावर तोकिता डॉक्टरांचं नाव आहे, त्यांनाच द्या. आत चिठ्ठी, चार वर्षांचे रक्ताचे आकडे आणि हृदयाचा आलेख आहे.

आता माझं. तुम्ही मला चोरून गेलात याचं वाईट वाटलं नाही असं लिहिणार नाही. पण एक गोष्ट तुम्हाला माहीत नसावी. ऑक्टोबरच्या पंधरा तारखेला तुमचे यजमान एकटे आले होते. त्या दिवशी मी घशाच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहून त्यांच्यासमोर ठेवली होती. ते हसले आणि म्हणाले, “डॉक्टर, मला कुठे धाडू नका. आईला तुम्ही पाहिलंत, मलाही तुम्हीच पाहा.” मला ते ऐकून बरं वाटलं. चिठ्ठी मी खणात परत ठेवली. तो माणूस घाबरला आहे हे मला ओळखता यायला हवं होतं. शहात्तर वर्षांच्या डॉक्टराला बरं वाटावं म्हणून चार आठवडे गेले. ते माझ्या खाती आहेत, तुमच्या नाही.

हायामी


उओहामा
१६ नोव्हेंबर

नोबुए वन्सं,

दोन दिवस मी तुमच्यावर इतकी रागावले होते की तुमच्या वाटणीची फळं खाली उतरवून देवळातल्या भिक्षुणीबाईंना द्यायला निघाले होते. दिली नाहीत.

तुमचं तातडीचं पत्र मंगळवारी आलं, पण आम्ही देवळात, ते संध्याकाळी हाती पडलं. दोनदा वाचलं. तरी रुग्णालयाला फोन करायचं धाडस झालं नाही. फोन केला तर खोटं लिहिलं हे कबूल करावं लागणार, आणि मग कुणाचे रुग्ण हे सांगावं लागणार. मी काय केलं ते फक्त तुम्हाला लिहिते. रात्रीची गोळी यांच्या डबीतून काढून माझ्या कमरेच्या पट्ट्यात ठेवली. वाटलं, दोन दिवस गोळी दिली नाही की रक्त आपोआप घट्ट होईल आणि कुणाला काही सांगायला नको. देव्हाऱ्यासमोर बसून नामही घेतलं वर.

बुधवारी दुपारी नर्स पाकीट घेऊन आली. मी पत्र वाचलं आणि तिच्यासमोर पट्ट्यातून गोळी काढली. पाणी तिनेच आणून दिलं यांना. जाताना मात्र दारात म्हणाली, पांघरूण ऊबदार आहे ना?

यांना विचारलं, ऑक्टोबरात एकटे कशाला गेला होता? म्हणाले, चपलांचा अंगठा शिवायला. मी डॉक्टरांचं पत्र यांच्यापुढे ठेवलं. यांनी वाचलं आणि खिडकीकडे तोंड केलं. मग त्या घासलेल्या आवाजात म्हणाले, “चिठ्ठी घेतली असती तर खरंच काहीतरी आहे असं झालं असतं.” बेचाळीस वर्षांच्या संसारात हे भ्यायलेले मी पहिल्यांदा ऐकले. माझा राग गेला, पण पुरता नाही.

गुरुवारी तोकिताबाईंनी पाकीट आमच्यासमोर फोडलं. चिठ्ठी दोन पानी होती. एरवी भराभर बोलणारी बाई ती दोनदा वाचत बसली. हृदयाचं तर होतंच, पण आवाज कोणत्या आठवड्यात कसा होता, मानेला गाठ लागते का, वजन किती उतरलं, सगळं तारीखवार होतं. खोकल्याचं औषध देताना ते सगळं पाहत होते, आणि मी समजत होते की म्हातारे झाले, त्यांना काही कळत नाही. वाचून झाल्यावर तोकिताबाई मला म्हणाल्या, “यांना कुणी डॉक्टर नाहीत असं तुम्ही म्हणाला होता. इतकं बघणारा डॉक्टर मी या वर्षात पाहिला नाही.” मी मान खाली घातली. ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

रक्त तपासलं तर ठरल्यापेक्षाही पातळ निघालं. जेवण कमी झालं की तसं होतं म्हणे. मी लिहिलेलं ‘काही नाही’ खरं धरून चिमटा घातला असता तर रक्त थांबवणं अवघड गेलं असतं, असं त्यांनी साध्या आवाजात सांगितलं आणि पुढची तारीख लिहून दिली. गोळी किती कमी करायची ते दोघा डॉक्टरांनी फोनवर ठरवलं. तुकडा आता वीस तारखेला.

फुसाए


नागोया
१९ नोव्हेंबर

वहिनी,

उद्या तुकडा आहे म्हणून चारच ओळी.

माझ्या ह्यांच्या शेवटच्या आजारात आम्हीही डॉक्टर बदलला होता, जुन्याला न सांगता. नव्याने सगळं पहिल्यापासून सुरू केलं, जुन्याच तपासण्या पुन्हा केल्या, त्यात उन्हाळा गेला. तुम्हाला सगळ्यांना मी सांगितलं होतं की आजारच तसा होता. तोही होताच. पण तो उन्हाळाही होता. म्हणून हायामींना पत्र लिहिताना मी तुमचा विचार केला नाही.

दादाला सांगा, उद्या घाबरायला हरकत नाही, फक्त खुर्चीवरून उठायचं नाही.

नोबुए


उओहामा
५ डिसेंबर

नोबुए वन्सं,

तुकडा निघाला, रक्त चमचाभरही आलं नाही. काल उत्तर मिळालं. कर्करोग आहे.

पुढचं वाचा, तिथेच थांबू नका. एकाच पट्टीवर आहे, लहान आहे, पट्टी अजून हलते. कापायला नको. यंत्रातून किरण देणार, तेहेतीस वेळा, शनिवार-रविवार सोडून. तोकिताबाई म्हणाल्या, बहुतेकांचा या पायरीला बरा होतो. आवाज पूर्वीसारखा होईल असं वचन दिलं नाही, पण राहील म्हणाल्या. आणखी काही महिने गेले असते तर आवाजाची पेटीच काढावी लागली असती. हे त्यांनी यांच्याकडे पाहून सांगितलं, माझ्याकडे नाही.

घराजवळच्या थांब्यावर उतरताना यांनी विचारलं, तेहेतीस म्हणजे कधीपर्यंत? मी बोटांवर मोजलं, जानेवारी अखेर. नवं वर्ष मध्ये आलं तरी चालेल का, म्हणाले. मी म्हटलं, नव्या वर्षाला विचारून सांगते.

होओनकोला यांनी पहिली ओळ उचलली नाही. नाकादांनी उचलली. हे मागच्या रांगेत बसून नुसते ओठ हलवत होते.

सोमवारपासून रोज तोयामा. बर्फात बस उशिरा येते, म्हणून एक आधीची धरायची ठरवली आहे.

फुसाए


उओहामा
२८ फेब्रुवारी २००९

नोबुए वन्सं,

तेहेतीस झाले, मधल्या दोन बर्फाच्या खाड्यांसकट सहा फेब्रुवारीला. मानेची कातडी भाजल्यासारखी लाल झाली होती, ती आता सुटते आहे. तीन आठवडे यांनी पेज आणि मऊ टोफू यापलीकडे काही गिळलं नाही. परवा तोकिताबाईंनी नळी घालून पाहिलं. पट्टी गुलाबी आहे, डाग नाही. दर महिन्याला दाखवायचं आहे, पाच वर्षं. पण मधलं सगळं, गोळी, रक्त, सर्दी-खोकला, हायामी डॉक्टरांकडेच. तसं बंद पाकीट त्यांनी आमच्याकडे दिलं, हायामी डॉक्टरांच्या नावाचं. म्हणजे चिठ्ठी दिली की माणूस गेला असं नसतं. माणूस चिठ्ठीबरोबर परतही येतो. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, किंवा मीच विचारलं नव्हतं.

आज सकाळी गेलो. नोव्हेंबरपासून मी त्या दारातून आत गेले नव्हते. हेच जात होते गोळीसाठी, मी रस्त्यावर उभी राहायचे, चप्पल ओली आहे म्हणून. आज आत गेले, चटईवर कपाळ टेकलं आणि जे बोलायचं होतं ते अर्धंच बोलता आलं. डॉक्टर म्हणाले, उठा, खाली गार आहे.

त्यांनी पाकीट फोडलं आणि चष्मा वर करून वाचलं. यांना आ करायला लावलं, एक ओळ म्हणून दाखवा म्हणाले. यांनी स्तोत्राची पहिली ओळ म्हटली. आवाज खालचा, खरखरीत, पण तुटला नाही. ओळ पुरी झाली. डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं, ताप लिहावा तसं.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, “पुढच्या वेळी माझं औषध लागू पडत नसेल तर आधी मला सांगा. तोयामाला कळायच्या आधी मला कळलेलं मला आवडेल.”

मी हो म्हटलं. हे मला कोपराने ढोसायला लागले. मी यांच्याकडे पाहिलं नाही. पुन्हा ढोसलं. तेव्हा मी म्हटलं, “डॉक्टर, माझ्या गुडघ्यात तुम्ही इंजेक्शनं देता त्याने काही होत नाही.”

नर्सचा हात लिहिता लिहिता थांबला.

“कधीपासून?” डॉक्टरांनी विचारलं.

“पहिल्यापासून.”

“दोन वर्षं झाली.”

“हो, दोन वर्षं.”

“आणि दर वेळी तुम्ही म्हणायचात, आता पुष्कळ बरं आहे.”

“तुम्ही सुई इतकी हळू टोचता, डॉक्टर.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं संपलं, आता या दाराशी आपला संबंध उरला नाही. मग त्यांनी खण ओढला, कोरा कागद घेतला आणि नर्सला विचारलं, तोयामाला हाडांचे डॉक्टर कोणत्या वारी असतात? बुधवारी, ती म्हणाली. त्यांनी लिहायला घेतलं. पान पालटून मागेही लिहिलं.

बाहेर आल्यावर मी पाकीट पिशवीत तळाशी नीट ठेवलं. हे पुढे चालत होते. वळले आणि त्या नव्या खरखरीत आवाजात, रस्त्यावर सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, “सांगितलंस. आणि दवाखाना जागेवरच आहे.”

मी मागे वळून पाहिलं. होता.

फुसाए